कुंडीगडाच्या जाळीची फत्ते

मोठ्या युद्धांस लिहिणारेही मोठे मिळाले. हे युद्ध आमच्या वाट्यास आले. लेखणी दुबळी, स्मरण त्याहून दुबळे; तरी घडले तैसे लिहितो, अधिकउणे पोटात घालावे.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कुंडीगड, आणि त्यावर लिंबाचे झाड. वज्रचुडेमंडित आजीसाहेबांनी ते बहुत वर्षे लेकरासारखे जपले, तेव्हा यंदा कोठे पहिले लिंबू धरले. ऐशात लेकीचे बाळंतपण आले आणि आजीसाहेब कूच करत्या जाहल्या. मग किल्लेदारी राजमान्य राजेश्री आजोबासाहेब, निवृत्त ग्रंथपाल, यांस देऊन ताकीद केली जे, पाणी घालावे, पाने उलटून पाहावी, आणि आम्ही परततो तो झाड दिसले पाहिजे. न दिसल्यास गाठ आमच्याशी.

पुढे पानांवर काळेपांढरे ठिपके प्रगटले, हुबेहूब पाखरांची शीट. आजोबासाहेबांनी चार हात दुरून पाहणी करून निवाडा दिधला की हा कबुतरांचा उपद्रव, आणि विष्ठा हे उत्तम खत, सबब कोणी हात लावू नये. किळस येत होती, हे दफ्तरी नोंदले नाही.

शेजारचे काका मसलतीस आले आणि म्हणाले, "जाळी ठोका हो, कबुतराची काय बिशाद!" मग जाळी ठोकिली आणि पाखरू म्हणून आत येईना. परंतु विष्ठा दिवसेंदिवस लठ्ठ होऊ लागली आणि पाने नाहीशी होऊ लागली. खत अंगी लागते आहे, ऐसा काकांचा अभिप्राय पडला.

एके सकाळी विष्ठेने कात टाकिली आणि ती हिरवी होऊन चालू लागली. आजोबासाहेबांनी पेन्सिलीने ढोसले, तो गनिमाने डोळे वटारिले (तेही खोटे, नुसते रंगविलेले), नारिंगी शिंगे काढिली आणि ऐसी दुर्गंधी सोडिली की खासे स्वयंपाकघरापर्यंत मागे हटले. मग ग्रंथ उघडिला. त्यात लिहिले होते की ही फुलपाखराची अळी. पाखरांनी खाऊ नये म्हणोन बाळपणी शिटेचे सोंग घेते. आणि पाखरे तर किल्लेदारांनीच हद्दपार केली होती! गनिमाने सोंग घ्यावे आणि किल्लेदाराने त्यास पहारा द्यावा, ऐसी स्वामिनिष्ठा आम्ही अन्यत्र वाचिली नाही.

इतक्यात दाराची घंटा वाजली. आजोबासाहेब करड्या स्वेटरानिशी करड्या खुर्चीत शिरले आणि पेपर तोंडासमोर धरून निश्चल जाहले. गनिमाची विद्या त्यांनी तत्काळ आत्मसात केली.

आजीसाहेब आपल्या किल्लीने दार उघडून आत आल्या, आणि थेट गॅलरीत जाऊन परत आल्या.

"अहो, तुम्ही दिसताय," त्या म्हणाल्या. "झाड दिसत नाहीये."

मग त्यांनी कात्रीने जाळी कापिली, आणि दुपारी दोन पाखरे येऊन, हिरवे सोंग न जुमानता, गनिमाचा समूळ फडशा पाडून गेली. काड्यांवर लिंबू तेवढे उरले. किल्लेदारी जप्त झाली.

सायंकाळी काकांनी जिन्यात गाठले. "काय हो, जाळीचा उपयोग झाला ना?"

आजोबासाहेब हलक्या आवाजात वदले, "कबूतर एकही आत आलं नाही."

सबब फत्ते जाहली, ती येथे नोंदिली असे.