वरचे दोन दात

हे कोणाला सांगितलं तर खोटंच वाटेल, पण एका घड्याळजीने बायकोपासून स्वतःचे दोन दात लपवून अख्खा संसार केला होता.

वरच्या समोरच्या दातांशेजारचे दोन्ही दात त्याला कधी आलेच नव्हते. लग्नाआधी त्याने एकाच पट्टीवर जोडलेले, तारेच्या आकड्यांवर बसणारे खोटे दात करून घेतले, आणि बायको नेमकी त्याच्या हसण्यावरच भाळली! तेव्हापासून बिचारा बेताने हसे, सफरचंद कडेने खाई आणि दात घासायचे तर बाथरूमची कडी दोनदा तपासून बघे. परवा एक आकडा तुटला, तर बोभाटा नको म्हणून त्याने दुकानातली घड्याळाची स्प्रिंगच तिथे बसवली.

आणि आता लेकीचे नेमके तेच दोन दात येईनात. पोर तोंडावर हात धरून बोलायला लागली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जबड्याचा फोटो काढला. "आत दातांचे कोंबच नाहीत. दात किती यायचे, जबडा केवढा, हनुवटी कशी, हे बरंचसं जनुकं ठरवतात. हे आईकडून आलं असेल, नाहीतर बाबांकडून."

"माझ्याकडून?" बायको उसळली. "आमच्या माहेरी एकेकाची बत्तिशी बघा! अहो, तुमच्याकडे होतं का कोणाला?"

घड्याळजीने ओठांवर रुमाल धरला. "छे! आमचे आजोबा तर दातांनी खिळे उपटायचे."

"म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे," पोर हाताआडून पुटपुटली. तिचे डोळे भरून आले.

"खोट कसली गं राणी!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आईबाबा दोघांचेही फोटो काढू. बाबा, आधी तुम्ही. आ करा."

घड्याळजीने चमचाभर आ केला.

"अजून. मोठ्ठा!"

करतो काय? केला. स्प्रिंगच ती! टण्णकन दोन्ही दात उडाले, दिव्यावर आपटले आणि थेट डॉक्टरीणबाईंच्या चहात डुबुक!

पोरीने हात खाली घेतला. "बाबा, तू पण?"

"इतकी वर्षं मला फसवलंत?" बायको कडाडली. "मी तुमच्यावर भाळले की तारेच्या आकड्यावर? असल्या लबाड माणसाबरोबर मी एक दिवस राहायची नाही!"

"अगं, ऐक..." म्हणायला गेला, तर फटीतून नुसती शिट्टी वाजली. संसार बुडाला, अशी त्याची खात्रीच पटली.

"ताई, आता तुमचा फोटो."

"माझा कशाला? चोर सापडला ना!"

"आई, बस ना गं!" पोरीने तिला ओढून बसवलं.

पडद्यावर फोटो उमटला. वरती, अगदी त्याच दोन जागी, जबड्यात खोटे दात पक्के धरणारे दोन स्क्रू लखलखत होते. घड्याळजीने नाक पडद्याला टेकवलं आणि न राहवून शिट्टीतूनच म्हणाला, "काम मात्र सुबक आहे हो."

"ते होय? ते मी..." बायकोने पदर सारखा केला. "लहानपणी सायकलवरून पडले होते ना, तेव्हा..."

"आई," पोर तोंड उघडं टाकून खिदळली, "तुला सायकल कुठे येते?"