ताईंनी भरलेला फॉर्म

दिलीपभाई सबनीसांनी आपली स्कूटर चोरीला गेल्याची तक्रार तीनदा नोंदवली, आणि तिन्ही वेळा ती त्यांनीच जिथे लावली होती तिथे सापडली. तिसऱ्यांदा तर ती पोलीस चौकीच्याच दारात उभी होती. हवालदाराने हात जोडले.

आजूबाजूला सगळे गुजराती, त्यामुळे आमच्या गोत्रीच्या सोसायटीत अस्सल मराठी माणसालाही ‘भाई’ चिकटतं, तसं ते त्यांना चिकटलं होतं. वय पन्नाशीचं, एकटे राहायचे, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. ड्रॉइंग असं काढायचे की बघत राहावं. फक्त ते पूर्ण होईपर्यंत साहेबांचं ब्लडप्रेशर वाढलेलं असे. “बे मिनिट, आलोच!” हे त्यांचं अर्धं गुजराती पालुपद. एवढं म्हणून दूध आणायला गेले की दीड तासाने उगवायचे. हातात तुळशीचं रोप, नाहीतर जुन्या बाजारातला टेबलफॅन. दूध नाही. लग्नही असंच राहिलं. मुलगी बघायला ते सुरतेला एक दिवस उशिरा पोचले. त्या लोकांनी चहा दिला, मुलगी दिली नाही.

आम्ही सगळे हसायचो. सर्वांत मोठ्याने मी, कारण माझं घर त्यांच्या समोरच.

मोबाइल नुकते लोकांच्या खिशात येऊ लागले होते तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी ते मासिकातलं फाडलेलं पान घेऊन माझ्याकडे आले.

“पराग, दाताच्या डॉक्टरकडे बसलो होतो. हे वाच. पोरांबद्दल लिहिलंय, पण हा हुबेहूब मी छे!”

लेख एडीएचडीवर होता. लक्ष टिकत नाही, वस्तू हरवतात, एक ना धड अशी दहा कामं सुरू होतात. आणि हे मोठेपणीही राहू शकतं, असं शेवटी लिहिलं होतं.

“आमचे वडील, आबा, म्हणायचे, हा मुद्दाम करतो, बेफिकीर आहे,” दिलीपभाई म्हणाले. “आबा गेले. पण मलाच नक्की ठाऊक नाही रे, मी मुद्दाम करतो की काय. एकदा कुणीतरी तपासून सांगायला हवं.”

मला माझ्या इतक्या वर्षांच्या हसण्याची लाज वाटली.

अलकापुरीत एक तरुण मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरीणबाई होत्या. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आम्ही पोचलो, कारण गाडी मी चालवत होतो. त्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि सुरुवातीला तीन गोष्टी सांगितल्या. कामाला बसताना टायमर लावायचा. दारावर एका वेळी एकाच कामाची चिठ्ठी. आणि कंटाळवाणं काम करताना शेजारी कुणीतरी बसायचं. “मदत नाही करायची, सल्ला तर मुळीच नाही. नुसतं बसायचं.” तो नुसता बसणारा मी. आयुष्यात इतकं जमणारं काम मला कुणी दिलं नव्हतं. टायमर मात्र ते खिशात घालून हिंडायचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो वाजला, तेव्हा मीटिंग संपली असं समजून निम्मे लोक घरी गेले.

नक्की निदान करायला डॉक्टरीणबाईंना अजून एक कागद हवा होता. लहानपणापासून ओळखणाऱ्या कुणीतरी भरायचा फॉर्म. प्रतापनगरला राहणाऱ्या दिलीपभाईंच्या थोरल्या बहिणीने, कुसुमताईंनी, चष्मा लावून तो दहा मिनिटांत भरला. वस्तू हरवायचा? कधीच नाही. अभ्यास अर्धवट सोडायचा? कधीच नाही. वरपासून खालपर्यंत ‘कधीच नाही’. तळाला, जणू स्थळाची चौकशी आली आहे अशा थाटात, ‘मुलगा हुशार, निर्व्यसनी व सुस्वभावी आहे.’

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म उलटसुलट करून बघितला. “यावरून मला काही सांगता येणार नाही.”

परतताना दिलीपभाई खिडकीबाहेर बघत होते. “म्हणजे आबा बरोबर होते,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कोरा फॉर्म घेऊन एकटाच प्रतापनगरला गेलो. डोकं तापलेलंच होतं.

“ताई, खोटं का लिहिलंत?”

“परक्या बाईसमोर भावाची अब्रू काढू?” त्या उसळल्या. “लहानपणभर झाकलं मी त्याचं. गृहपाठ मी लिहायची. त्याने पाटी हरवली की माझीच हरवली सांगून मार खायची.”

“म्हणूनच ते अजून स्वतःला गुन्हेगार समजतात, ताई.”

त्यांनी कोऱ्या फॉर्मकडे बघत चष्मा पुसला. मग म्हणाल्या, “ठेव तो इथे.”

दोन दिवसांनी भरलेला फॉर्म मी दिलीपभाईंकडे नेला. ते म्हणाले, तूच वाच.

“वस्तू हरवायचा? नेहमी. अभ्यास अर्धवट सोडायचा? नेहमी.” प्रत्येक ‘नेहमी’ला त्यांचा चेहरा खुलत गेला, शाळेत कधी न मिळालेले मार्क मिळत असल्यासारखा. तळाला ताईंनी लिहिलं होतं, ‘तो मुद्दाम करत नव्हता. हरवलेली वस्तू रडत रडत शोधायचा. मला दिसत होतं. आबांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.’

दिलीपभाईंनी कागद हातात घेतला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

“निघायचं डॉक्टरांकडे?” मी विचारलं.

“आधी झेरॉक्स काढू. दोन. एक तू ठेव, माझ्याकडून हरवेल.”

“आणि दुसरी?”

“आबांच्या फोटोपुढे ठेवतो,” ते म्हणाले. “त्यांनी वाचायला पाहिजे.”