किटली एक, कप सहा, आई एक

वस्तू जितकी उपयोगी, तितकी ती उपयोगापासून जपावी लागते. माणूस आणि माकड यांच्यात फरक काय तो एवढाच. माकडाला कप दिला तर ते त्यातून पिते.

शंभरेक वर्षांपूर्वी काही जर्मन मंडळींनी पुष्कळ विचाराअंती ठरवले, की किटलीने किटलीसारखेच दिसावे. वेलबुट्टी नको, सोनेरी कड नको. नितळ काच, सरळ तोटी, आणि सामान्य माणसाला रोज दोन वेळा चहा. हा विचार इतका थोर निघाला, की आज सामान्य माणसाला त्या किटलीजवळ फिरकू देत नाहीत.

काचकाकांकडे असा एक संच होता. काका विमा कार्यालयात मोडतोडीचे दावे तपासत. लोकांच्या हातून काय काय निसटते हे दिवसभर वाचून त्यांचा मानवी हातांवरचा विश्वास उडाला होता (स्वतःच्या हातांवरचाही, जेवताना ते ताट टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवत). किटली, तिच्या पोटातली काचेची गाळणी आणि सहा कप जमवायला त्यांना अकरा वर्षे लागली. तेवढ्या काळात मुलगी मोठी होऊन, लग्न करून परगावी गेली, असे त्यांना नंतर कळले.

संच काचेच्या कपाटात विराजमान होताच घरात नियमावली लागू झाली. कपाटापासून चार पावलांच्या आत हसू नये. शिंक आल्यास बाल्कनीत जावे; अचानक आल्यास तसे आधी कळवावे. पहिल्याच वर्षी घरातल्या शिंका बासष्ट टक्क्यांनी घटल्या व उरलेल्या बाल्कनीकडे वर्ग झाल्या. घरच्यांना आणि आल्यागेल्यांना चहा कान तुटलेल्या कपांतून मिळे. त्यांची कुणाला भीती नव्हती.

"अरे, किटली आहे ना ती?" आई विचारी.

"आई, तिचा आकार उपयोगातून आलाय."

"बरं. मग उपयोग कधी येणारे?"

काका यावर कपाट पुसत.

एकच काटा सलत होता. संग्राहक मंडळाचे 'अस्सल' असे प्रमाणपत्र नव्हते, आणि त्याच्याशिवाय अकरा वर्षांची तपश्चर्या म्हणजे नुसती भांडीकुंडी. अर्ज विहित नमुन्यात गेला. दोन वर्षांनी, एका रविवारी, मंडळाचे तज्ज्ञ भिंग आणि पांढरे हातमोजे घेऊन आले. त्यांना चहा देण्यात आला (कान तुटलेला कप, क्रमांक तीन).

तज्ज्ञांनी किटली उलटी केली. तोटीत डोकावले. गाळणी हुंगली.

"ही रोज वापरात आहे."

काकांनी भिंत धरली. "अशक्य. किल्ली माझ्याकडे असते."

"तुझ्याकडे कुठली?" आई म्हणाली. "चहाच्या डब्यात लपवतोस. या घरात चहा कोण करतं?"

काकांनी बायकोकडे पाहिले. बायकोने पंख्याकडे पाहिले.

"दुपारी तीनला बसतो आम्ही दोघी," आईने माहिती पुरवली. "तू ऑफिसात असतोस. हसतोसुद्धा. आठ वर्षं झाली, काही फुटलं नाही."

काका डोळे मिटून निकालाची वाट पाहू लागले.

"गेल्याच आठवड्यात एक संच नापास केला मी," तज्ज्ञ म्हणाले. "ओरखडा नाही, चहाचा राप नाही. नव्वद वर्षांत जिच्यातून कुणाला चहा प्यावासा वाटला नाही, ती कसली अस्सल किटली? हिच्या तळाचे ओरखडे बघा. आजी, हात सोन्याचा आहे तुमचा."

प्रमाणपत्र मिळाले. अट एकच होती: सध्याचा वापर याच हातांनी, याच वेळी अखंड चालू ठेवावा.

काकांनी त्याच संध्याकाळी संचाची यादी सुधारली: किटली एक, गाळणी एक, कप सहा, आई एक. आईची खुर्ची कपाटाशेजारी मांडली गेली. तीनच्या चहाची नोंदवही आली, आणि ती भरायला काका रोज तीनला ऑफिसातून येऊन पांढरे हातमोजे चढवू लागले. घोटांमधले अंतर ठरले. आईने नातीकडे चार दिवस जाण्याचा विषय काढला, तेव्हा काका म्हणाले, "संच फोडता येत नाही."

चौथ्या दिवशी तीन वाजता आई कान तुटलेला कप घेऊन बसली.

"आई, प्रमाणपत्र जाईल."

"जाऊ दे. हुकमाचा चहा घशाखाली उतरत नाही मला."

"मग काय करू मी?"

"बस इथे. ते हातमोजे काढ."

काकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, हातमोजे काढले आणि आयुष्यात प्रथमच संचातल्या कपाला ओठ लावला. बायकोने श्वास रोखला.

"साखर कमी आहे," काका म्हणाले, आणि त्यांना शिंक आली. बाल्कनीत जायला वेळ मिळाला नाही. तिघेही इतके हसले, की कपाटाची काच थरथरली. नोंदवहीवर चहा सांडला. तो पुसायला तिचीच पाने उपयोगी पडली.

सुज्ञ वाचकाने काकांना हसून घ्यावे. मग आपल्या स्वयंपाकघरातले सगळ्यात वरचे कपाट उघडावे. तिथे खोक्यासकट एक सहा कपांचा संच असेल, चांगले पाहुणे आले की काढायचा म्हणून ठेवलेला. आजवर आलेल्या सगळ्या पाहुण्यांबद्दल तुमचे खरे मत त्या खोक्याला ठाऊक आहे.

आणि असे खोके प्रत्येक घरात असते. तेव्हा पुढच्या वेळी कुणाकडे चहाला गेलात, तर बोलता बोलता आपल्या कपाचा कान तेवढा चाचपून बघा.