इंटरमिटंट ताप

मी फक्त एक शब्द बदलायचं ठरवलं होतं. नोकरी नाही, घर नाही, बायको तर नाहीच नाही. एक शब्द.

उरवड्याच्या एका कारखान्यात मी हजेरी लिहिणारा कारकून. (इतरांची हजेरी. माझी स्वतःची जरा विरळच.) रजेच्या अर्जात मी लिहायचो, 'समटाइम्स माय हेड इज पेनिंग.' पुढच्या महिन्यात डोक्याच्या जागी कंबर यायची, त्याच्या पुढच्या महिन्यात पोट. समटाइम्स मात्र जागचं हलायचं नाही. तिसऱ्या अर्जावर साहेबांनी त्या शब्दाभोवती लाल शाईचा गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'अगेन?'

साहेबांचं इंग्रजी फार कडक. मला वाटलं, तोच तोच शब्द वाचून बिचारे कंटाळले. (माझ्या रजांना कंटाळले असतील, ही शंका मला शिवलीही नाही.)

आणि गुरुवारी तर रजा हवीच होती. माझी मेव्हणी जया, तिला बघायला मुठ्याहून पाहुणे यायचे होते. सासऱ्यांचं गाव धरणापलीकडे. तिथं एसटी पोचते की नाही, यावर गावातच दुमत. म्हणून कार्यक्रम माले गावातल्या आमच्या घरी.

"अहो, खरं त्येच लिवा की," बायको म्हणाली. "मेव्हणीला बघाया पावनं येनार हायेत म्हनून."

"रत्ना, मेव्हणीसाठी कुठला साहेब रजा देतो?"

"मग तुमचं त्ये डोकं लिवा."

"डोकं चालेल गं. 'कधीकधी' चालणार नाही."

रविवारी मी शाळेतल्या मास्तरांची डिक्शनरी आणून बसलो. 'ऑकेजनली' फारच साधं वाटलं. 'नाऊ अँड देन' लिहावं, तर साहेब विचारणार, नाऊ की देन? 'ऑफ अँड ऑन' म्हणजे विजेचं बटण. 'सेल्डम' म्हणजे क्वचित. आता इतकं क्वचित दुखत असेल तर रजा कशाला? आणि मग सापडला 'इंटरमिटंट', म्हणजे मधूनमधून! लांबलचक, भारदस्त, उच्चारताना तोंड भरून जाणारा. त्याच्यापुढे नमुन्यादाखल 'फीवर' छापलेलंच होतं. तेही उचललं. तेवढीच डोक्याला विश्रांती.

सोमवारी अर्ज दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं, खुर्ची हातभर मागे सरकवली आणि लगेच सही केली.

सही मिळाली, पण चैन पडेना. इतक्या लवकर कशी केली? खुर्ची का सरकवली? दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. गुरुवारी तर मी सकाळपासून दर पाच मिनिटांनी रस्त्यावर जाऊन येत होतो. पाहुणे अकराला येणार होते. साडेदहालाच दारात जीप थांबली. मी हात जोडून धावलो, "या, या, या!"

जीपमधून पौडच्या दवाखान्यातले मलेरियावाले मौलाभाई उतरले. मागून पाठीवर पंप अडकवलेले दोन गडी.

"सोपानराव, तुमी उटून का आलात? पडून ऱ्हावा!"

"का बरं?"

"हिवताप न्हवं का तुमाला? मधीच येनारा, मधीच जानारा. कारखान्याच्या डाक्टरनं चिठ्ठी धाडलीया. चला, सामान भाईर काढा. घर फवारायचंय. शेजारची धा घरंबी."

"आज नको हो, पाहुणे यायचेत."

"डासांला त्याचं काय?"

शेजारच्या जाईबाई दारातूनच ओरडल्या, "ह्यांच्या तापापायी म्या चुलीवरचं कालवन उतरू व्हय?"

पाऊण तासात सगळं घर अंगणात आलं. पिठाचे डबे, गोधड्या, खाट, पोह्यांचं पातेलं आणि पाटासकट सासरे कुशाबा. परवाच चुना दिलेल्या भिंतीवर डीडीटीचे ओघळ उतरत होते. जया नव्या साडीचा पदर खोचून पंपवाल्याला दम देत होती, "ओ, आदी हंडा झाकू द्या, मग मारा काय मारायचं त्ये!"

आणि नेमके तेव्हा मुलाचे वडील हैबतराव आणि मुलगा जयसिंग अंगणात आले. मौलाभाईंनी माझ्या बोटाला सुई टोचली होती. मला रक्त बघवत नाही, म्हणून मी खाटेवर जरा आडवा झालो. (आडवा झालो नाही, धाडकन पडलो, असं बायकोचं म्हणणं.)

हैबतराव जागीच थबकले. "घरात आजारपन हाय व्हय? पोरीलाबी येतो का ताप?"

सासऱ्यांनी टोपी काढून हातात घेतली. जया हंड्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली, मघाचा सगळा दम गेलेली. तिच्याकडे बघवेना. मी उठून बसलो.

"ताप कुणालाच नाही. मला रजा हवी होती, म्हणून मी खोटं लिहिलं."

पंप थांबले. जाईबाईंचं कालवणही उकळायचं थांबलं असावं.

"म्हंजी तुमी खोटं लिवता?" हैबतरावांनी विचारलं.

"नेहमी नाही."

"मग कवा?"

डिक्शनरीतले सगळे शब्द डोक्यात गर्दी करून उभे राहिले. एकही बाहेर येईना.

जयसिंग खो खो हसत सुटला. मग पुढं होऊन त्यानं खाटेचं एक टोक धरलं. (मी खाली पडलो, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.) दुसरं टोक जयानं धरलं. "नीट धरा, पाय ढिला हाय त्यो," ती म्हणाली. खाट आत न्यायला दोघांनी चांगली दहा मिनिटं लावली.

इकडं मौलाभाईंनी चार कडू गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या. "मौलाभाई, ताप नाही म्हटलं ना!"

"कागदावर हाय. गिळा."

पोहे अंगणातच झाले, आणि पोह्यांबरोबर माझ्या 'इंटरमिटंट'ची सगळी कथाही. निघताना हैबतराव सासऱ्यांना म्हणाले, "पोरगी धीराची हाय. आमाला पसंत. येकच अट हाय."

सासऱ्यांनी टोपी परत हातात घेतली. "बोला."

"पत्रिकेचा मजकूर ह्या जावयाला लिवू देऊ नका. लगीन हाय वैशाखात, आन् ह्यो बाबा छापंल, लगीन हाय मधूनमधून."

अट पुरी व्हायच्या आत सासऱ्यांनी मान डोलावली. सहा वर्षांत माझ्याबाबतीत त्यांनी कुठलीही गोष्ट इतक्या आनंदानं कबूल केली नव्हती.