लुईच्या टेबलावरचं कडुनिंबाचं पान

उदगीरचे गुणवंत मिस्त्री फ्रान्सच्या लुई राजाबद्दल एकेरीत बोलतात. "लुईला टेबलाचा सरळ पाय चालत न्हाई," हे असं सांगतील, जणू कालच त्याच्याकडं जेवून आले. कुणी टेबल बघून "लई भारी" म्हणालं, की लगेच दुरुस्ती: "लई न्हाई, लुई."

तरुणपणी हैदराबादेत त्यांनी लुईच्या काळातलं एक अस्सल फ्रेंच टेबल दुरुस्त केलं होतं. लाकडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे कापून वर फुलं-पानं जडवलेलं. तेव्हापासून ते त्याच्याच नकला करतात आणि मी नांदेडच्या माझ्या दुकानात विकतो. मी फुटपाथवर खुर्च्या विणून वर आलोय. सौद्यात मला कुणी हरवत नाही. मिस्त्री सोडून.

कारण गेली काही वर्षं प्रत्येक टेबलावर, ऐन गुलाबांच्या गुच्छात, ते एक पान कडुनिंबाचं बसवतात. तेही वाकडं. लातूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून नेमकं तेच शोधलं आणि ठरलेला सौदा मोडला. तो राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

"मिस्त्री, लुईच्या बागेत कडुनिंब आला कुठून?"

"उदगीरहून."

"गिऱ्हाईक हसायलंय मला."

"मग त्याला लुई कळलाच न्हाई, शेठ."

गेल्या महिन्यात लातूरच्या एका हॉटेलनं दहा टेबलं मागितली. कडुनिंब नको, ही अट. मी तडक उदगीर गाठलं. "ते पान काढा, नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला देतो."

मिस्त्रींनी फळीवरून बिस्किटांचा जुना डबा काढला. आत कापूस, आणि कापसावर कापून ठेवलेली लाकडी पानं. सगळी कडुनिंबाची.

"शांताच्या हातची," ते म्हणाले. त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली, हे मला ठाऊक होतं. "तिला गुलाबाचं पान काई जमलं न्हाई. दारातल्या झाडाकडं बघून कापायची. मी एकबी लावलं न्हाई तवा. लई बोललो तिला. लई."

या वेळी त्यांनी दुरुस्ती केली नाही.

मी पानं मोजली. चार.

"ही संपल्यावर?"

"मग लुईबी संपला."

डबा माझ्यापुढं सरकवत ते म्हणाले, "दहा म्हणत होता ना, शेठ? करतो की, निंब न लावता."

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"हॉटेलचं मी बघतो," मी म्हणालो. "तुम्ही एकच करा, पान लावून. आणि सावकाश करा."