सासऱ्याच्या नावाचं फूल

सेवेरिन ब्रास्कांनी कोपनहेगनचं पत्र सकाळपासून सातव्यांदा वाचलं आणि खोकल्याचं औषध मागणाऱ्या बाईला जुलाबाचं देऊन टाकलं. भानावर राहणार तरी कसं? त्यांनी टेकडीवरून आणून, वाळवून पाठवलेलं रोप पाहून प्रोफेसर हाल्बेर्ग चक्रावले होते. पानं एका कुळातली, फूल भलत्याच कुळातलं, म्हणजे हे आजवर कुणी न पाहिलेलं झाड! त्याला ते ‘ब्रास्किया’ नाव देणार होते. खेड्यातल्या औषधवाल्याचं नाव थेट ग्रंथात! छापण्याआधी मत घ्यायला त्यांनी नमुना बर्लिनच्या डॉक्टर ट्रेप्केंकडे पाठवला होता आणि जिवंत झाड बघायला गुरुवारी स्वतः येणार होते.

सेवेरिननी चार दिवस वाळूच्या टेकड्या तुडवल्या. तशी पानं ढिगानं सापडली, पण त्यांवर फुलं आपली साधीच, पिवळट. निळं एकही नाही. बुधवारी बुटातली वाळू झटकत ते थोरल्या बहिणीपाशी रडकुंडीला आले. अबेलोनेनं विणकामातून मान वर केली नाही.

"निळं ना? ते मी लावलं."

"लावलं म्हणजे?"

"टीपकागद बदलताना तुझं फूल मोडलं माझ्या हातून. बोडकं रोप कसं पाठवायचं मोठ्या माणसांकडे? माझ्या कुंडीतलं खुडलं, इस्त्रीखाली दाबलं नि डिंकानं चिकटवलं."

"ताई, त्या फुलापायी दोन देशांचे विद्वान डोकं खाजवतायत."

"मग चांगलंच चिकटलं म्हणायचं."

गुरुवारी सेवेरिन कबुलीजबाब घोकूनच दारात उभे राहिले. पण प्रोफेसरच पडलेल्या चेहऱ्यानं आले आणि टोपी न काढताच माफी मागू लागले.

"ब्रास्क, तुमचं नाव गेलं हो. त्या ट्रेप्केनं माझ्याआधी छापून टाकलं. आधी छापेल त्याचंच नाव टिकतं, आणि त्यानं दिलंय आपल्या सासऱ्याचं."

सेवेरिननी एका दमात डिंक, कुंडी, इस्त्री सगळं ओकून टाकलं. प्रोफेसर तडक खिडकीशी गेले आणि कुंडीतलं निळं फूल भिंगातून बराच वेळ बघत राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय म्हणून सेवेरिन पाणी घेऊन धावले.

प्रोफेसर डोळे पुसत वळले आणि अबेलोनेपुढे अदबीनं झुकले.

"बाई, ट्रेप्केला सासूबाईही आहेत. डिंक उरलाय का थोडा?"