कमानपट्ट्याची संमती

गेल्या दिवाळीपासून पोलादाला त्याच्या लेखी संमतीशिवाय तापवता येत नाही. साध्या लोखंडाला हा नियम नाही. त्याला विचारलं तरी ते काही बोलत नाही.

त्या दिवशी पारूबाई पडळकरच्या भट्टीपुढे कमानपट्ट्याचा वीतभर तुकडा फळीवर पडून होता. अठरा वर्षं तो एका ट्रकखाली राबला होता. आता त्याची छिन्नी व्हायची होती, पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत गावोगाव फिरणाऱ्या हौसाबाईसाठी. ग्रामसेवक घोरपडे मांडीवर अर्ज घेऊन बसले होते.

“पहिला ताव?”

“आठशे पन्नास अंश. मग लगेच तेलात,” तुकडा म्हणाला. “साडेसातशेच्या आसपास माझी आतली जुनी घडण मोडते. मोडू दे.”

“दुसरा ताव?”

“नाही.”

पारूबाईचा हात भात्यावर थांबला. पहिल्या तावानं आणि तेलातल्या बुडीनं पोलाद काचेसारखं कडक होतं, आणि काचेसारखंच तडकतं. म्हणून त्याला पुन्हा हलकं तापवायचं, अंगावर गुळाचा रंग चढेपर्यंत. थोडा कडकपणा जातो, पण चिवटपणा येतो.

“अरं दादा, दुसऱ्या तावाबिगर तुकडं पडतील तुझं.”

“पडू देत. अठरा वर्षं प्रत्येक खड्ड्याला वाकलो, बाई. आता वाकणं बंद.”

“खड्डे कुठल्या हद्दीतले?” घोरपड्यांनी विचारलं.

“सगळ्या.”

त्यांनी तसं लिहून घेतलं. “पारूबाई, संमती एकाच तावाची आहे. तेवढाच देऊन माल गिऱ्हाइकाला द्यायचा.”

“न्हाई द्यायची मी असली छिन्नी.”

“मग नियमानं भट्टीला सील लावावं लागेल.”

“लावा.”

घोरपड्यांनी पिशवीतून लाख काढली. पारूबाई उठली, तिनं पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून एक मोडकी छिन्नी काढून तुकड्याशेजारी ठेवली. मोडलेल्या जागी खडीसाखरेसारखे जाड दाणे चमकत होते.

तुकडा म्हणाला, “दाणे फुगलेत. हजाराच्या वर नेलंत हिला.”

“व्हय. भर दुपारी, उन्हात. उन्हात लाल रंग फिका दिसतो. ताव सावलीतच बघायचा, आजा सांगून गेलावता. मी घाई केली.”

“कपची कुठं उडाली?”

पारूबाईनं दाराकडे बोट केलं. बाहेर लिंबाखाली हौसाबाई बसली होती. बोलणं ऐकून तिनं सगळा चेहरा इकडे वळवला. डाव्या डोळ्यानं तिला दिसत नव्हतं.

“तिला मी सांगितलं, दगडच खराब हुता,” पारूबाई म्हणाली.

“मला ठाऊक हुतं गं,” हौसाबाई बाहेरून म्हणाली. “चाळीस वर्सं दगड फोडते. दगड वळखत न्हाई व्हय मी?”

“मग पुन्हा माझ्याकडंच का आलीस?”

“दुसरीकडं गेले असते, तर तू सुधारली असतीस?”

घोरपडे खाकरले. “‘कारागिराची चूक’ असा एक रकाना आहे. आजवर कुणी भरलेला नाही.”

“द्या हिकडं.” पारूबाईनं ‘ऊन’ असं लिहून सही केली.

मग तुकड्यानं विचारलं, “दुसऱ्या तावानं मी वाकेन?”

“न्हाई. वाकणार न्हाईस आन् तुटणारबी न्हाईस.”

“दोन्ही नाही?”

“दोन्ही न्हाई.”

“मग अडीचशे अंश लिहा. पण सावलीत.”

पारूबाईनं दाराला गोणपाट लावलं. तुकडा न तापवताच कापून, धार काढून तिनं तो पहिल्या तावाला घातला. लोहचुंबक चिकटेनासं झाल्यावर आणखी थोडं तापवून तेलात बुडवला. मग तो घासून लखलखीत केला आणि निखाऱ्यांपासून हातभर लांब धरून बसली. गुळाचा रंग चढेपर्यंत तिनं पापणी हलवली नाही. घोरपड्यांनी तो रंग अर्जातल्या नमुन्याशी ताडून पाहिला आणि शिक्का मारला. लाख पिशवीत परत गेली.

हौसाबाईनं पारूबाईचाच पाटा पुढ्यात ओढला. छिन्नी टेकवली आणि उजवा डोळा जवळ नेला.

“सांभाळशील न्हवं?”

“लेखी दिलंय,” छिन्नी म्हणाली.

हौसाबाईनं हातोडी उचलली.